चेनसॉच्या प्लगला करंट नाही: कॉइल मागवण्याआधी काय तपासावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोकणातील एका बागायतदाराचा ५८ सीसीचा टू-स्ट्रोक पेट्रोल चेनसॉ पावसाळाभर पडवीत पडून होता. दिवाळीनंतर वाळलेल्या काजूच्या फांद्या तोडण्यासाठी तो बाहेर काढला, पण कितीही वेळा दोरी ओढली तरी सुरू झाला नाही. प्लग काढून सिलिंडरला टेकवून पाहिला असता ठिणगी दिसली नाही, नवा प्लग लावूनही फरक पडला नाही, आणि मेकॅनिकने कॉइल, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग, गेल्याचे सांगितले. कॉइल मागवावी का, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर आहे की अजून मागवू नये. कॉइल खराब होत नाही असे नाही, परंतु ती खराब आहे हे ठरवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे तिच्याभोवतीचे सर्व काही निर्दोष असल्याचे आधी सिद्ध करणे, आणि प्रश्नात सांगितलेल्या तपासणीतून तेवढे सिद्ध होत नाही. पावसाळ्यात चार महिने बंद राहिलेल्या यंत्रात कॉइलपेक्षा स्विच, त्याची वायर, प्लगची टोपी आणि गंजलेले मॅग्नेट यांच्यावर माझा संशय अधिक आहे. यांपैकी एकालाही नवीन भागाचा खर्च करावा लागेलच असे नाही.

ठिणगी कशी तयार होते हे एकदा नीट समजले की पुढची तपासणी आपोआप क्रमाने होते. चेनसॉमध्ये बॅटरी नसते. दोरी ओढल्यावर फिरणाऱ्या फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या जड चाकाच्या, कडेत मॅग्नेट बसवलेले असतात आणि ते कॉइलच्या लोखंडी पायांसमोरून झपाट्याने जातात तेव्हा आतल्या जाड तारेच्या, म्हणजे प्रायमरी, गुंडाळीत विद्युत्प्रवाह निर्माण होतो. कॉइलच्या आतच साच्यात बंद केलेले इलेक्ट्रॉनिक सर्किट हा प्रवाह नेमक्या क्षणी तोडते. प्रवाह अचानक तुटल्यामुळे बारीक तारेच्या हजारो वेढ्यांच्या सेकंडरी गुंडाळीत दहा हजार व्होल्टच्या पुढचा विद्युत्दाब उत्पन्न होतो आणि तो जाड रबरी वायरीतून प्लगकडे जातो. यंत्र बंद करण्याचा स्विच यात काय करतो, हे सर्वांत महत्त्वाचे आहे. तो वीज तोडत नाही, उलट जोडतो. बंद स्थितीत तो प्रायमरी गुंडाळीला इंजिनच्या बॉडीशी जोडून टाकतो, त्यामुळे आतल्या सर्किटने प्रवाह तोडण्याला अर्थ उरत नाही आणि ठिणगी थांबते. म्हणजेच स्विचची वायर कोठेही बॉडीला लागली, किंवा स्विच ओलीमुळे आतून जोडलेला राहिला, तर बटण चालू बाजूला असूनही यंत्राच्या दृष्टीने ते बंदच असते.

आता प्रत्यक्ष तपासणी. आधी ठिणगी खरोखरच नाही याची खात्री करावी, कारण प्लग सिलिंडरला टेकवून पाहण्याची आपली नेहमीची पद्धत दोन्ही बाजूंनी फसवते. भर दुपारी उन्हात चांगली ठिणगीही दिसत नाही, तेव्हा ही तपासणी पडवीच्या आत किंवा सावलीत करावी. सिलिंडरच्या बाहेरच्या, थंडाव्यासाठी असलेल्या पात्यांवर तेलकट धूळ किंवा रंगाचा थर असेल तर प्लगची धातूची बाजू बॉडीला नीट लागत नाही. प्लगच्या पेचाला वायरचा तुकडा गुंडाळून त्याचे दुसरे टोक एखाद्या स्वच्छ बोल्टला बांधले तर ही शंका उरत नाही. दोरी सावकाश ओढली तरीही ठिणगी येत नाही, कारण या कॉइलना ठरावीक किमान वेग लागतो. प्लग काढल्यावर इंजिन हलके फिरते, त्यामुळे एकदम जोरकस ओढ देणे सोपे जाते.

या तपासणीत धोका आहे आणि तो किरकोळ नाही. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ जोराने बाहेर येते आणि शेजारीच आपण ठिणगी पाडत असतो. म्हणून प्रथम स्विच बंद ठेवून, चोक उघडा ठेवून दोरी चार-सहा वेळा ओढावी, आत साचलेले पेट्रोल उडू द्यावे, थोडा वेळ थांबावे, आणि मगच प्लग भोकापासून शक्य तितका दूर जोडून तपासणी करावी. तपासणीच्या वेळी पेट्रोलचा डबा जवळ नसावा. प्लग हातात धरू नये. प्लग बॉडीला न लावता वायर मोकळी सोडून दोरी ओढणेही टाळावे, कारण वाट न मिळालेला दाब कॉइलच्या आतले इन्सुलेशन फोडू शकतो आणि चांगली कॉइल तपासणीतच निकामी होते. प्लग काढलेला असला तरी चेनब्रेक लावूनच काम करावे.

बाजारात ठिणगी तपासण्याचे साधे टेस्टर मिळते, ज्यात दोन टोकांमधले अंतर कमी-जास्त करता येते. घरच्या बागेसाठी एकच चेनसॉ असलेल्या माणसानेही ते घ्यावे असे माझे मत आहे. उघड्या हवेत प्लगच्या ०.६ मिलिमीटर फटीत ठिणगी पडायला फार दाब लागत नाही, परंतु सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणात तीच ठिणगी पाडायला कितीतरी अधिक व्होल्टेज लागते. त्यामुळे बाहेर बारीक पिवळट ठिणगी दाखवणारी यंत्रणा आत मूक राहू शकते. टेस्टरवर चार-पाच मिलिमीटरचे अंतर ओलांडणारी निळसर, कडक आवाजाची ठिणगी दिसली तर कॉइलवरचा आरोप तिथेच मागे घ्यावा आणि कार्बोरेटरकडे वळावे.

नव्या प्लगने फरक पडला नाही म्हणून प्लग निर्दोष आहे असे समजू नये. बाजारात हलक्या प्रतीचे आणि नकली प्लग भरपूर आहेत, आणि वेष्टनातून काढलेला प्लग मृत निघणे ही दुर्मीळ घटना नाही. यावर सोपा उपाय असा की ज्या टू-स्ट्रोक ग्रास कटरचे इंजिन त्याच दिवशी व्यवस्थित चालले आहे त्याचा प्लग घेऊन तपासणी करावी. केवळ ठिणगी पाहायची असल्याने पेच जुळण्याची गरज नाही, टोपी नीट बसली म्हणजे पुरे. मल्टिमीटर असेल तर आणखी एक गोष्ट कळते. नावात ‘आर’ हे अक्षर असलेल्या प्लगमध्ये, उदाहरणार्थ चेनसॉमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एनजीकेच्या बीपीएमआर७ए या प्लगमध्ये, सुमारे ५ किलोओहमचा रोध असतो. वरच्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत मीटर काहीच दाखवत नसेल तर तो प्लग आतून तुटलेला आहे. फट किती ठेवायची हे यंत्राच्या पुस्तिकेत पाहावे. बहुतेक चेनसॉमध्ये ती ०.५ ते ०.७ मिलिमीटरच्या दरम्यान असते.

जुना प्लग फेकून देण्याआधी त्याचे तोंड पाहावे. काळ्या, ओल्या काजळीने भरलेला प्लग शॉर्ट होतो आणि आपल्याकडे हे वारंवार घडते, कारण ‘ऑइल जास्त घातले तर इंजिन टिकते’ या समजुतीने लोक पेट्रोलमध्ये अंदाजाने ऑइल ओततात. पुस्तिकेत ५० ला १ प्रमाण सांगितले असेल तर एका लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल लागते, २५ ला १ सांगितले असेल तर ४० मिलिलिटर. त्याहून जास्त ऑइल जळत नाही, ते प्लगवर, सायलेन्सरच्या जाळीवर आणि पिस्टनच्या डोक्यावर कार्बन होऊन बसते. प्लग नुसता पेट्रोलने ओला असेल तर इंधन येत आहे एवढे नक्की झाले. तो पुसून, वाळवून पुन्हा तपासावा.

यानंतर टोपी आणि जाड वायर. टोपीच्या आत एक लहान स्प्रिंग असते आणि तिचे अणकुचीदार टोक वायरीच्या मधल्या तारेत टोचलेले असते. टोपी ओढून काढण्याच्या सवयीमुळे हे टोक निसटते, आणि किनाऱ्यावरच्या खारट हवेत ते हिरवे पडून झिजते. टोपी वायरीवरून सावकाश सरकवून काढावी. टोक खराब झाले असेल आणि वायरीला पुरेशी लांबी असेल तर पाच-सहा मिलिमीटर वायर कापून स्प्रिंग पुन्हा तारेच्या मध्यभागी टोचावी. टोपीच्या रबरात आतून बारीक काळी रेघ दिसत असेल तर दाब तिथून बॉडीकडे पळत आहे, अशी टोपी बदलावीच. पडवीत ठेवलेल्या यंत्राची जाड वायर संपूर्ण लांबीभर बोटाने चाचपून पाहावी. उंदरांना रबर कुरतडायला वेळ लागत नाही, आणि कुरतडलेला भाग बहुधा खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला असतो.

येथपर्यंत काही सापडले नाही तर स्टार्टरचे झाकण उघडावे. माझ्या मते या सर्व तपासणीत सर्वाधिक मोलाची पायरी आता येते, आणि ती वगळून कॉइल बदलणारा मेकॅनिक ग्राहकाचे नुकसान करतो. कॉइलवर एक बारीक वायर लहान चिमट्याने जोडलेली असते, तीच स्विचकडे जाते. ही वायर कॉइलपासून काढावी, तिचे मोकळे टोक कोठेही लागणार नाही असे बाजूला ठेवावे, आणि झाकण पुन्हा बसवून प्लग बाहेर असतानाच ठिणगी पाहावी. ठिणगी आली तर कॉइल, फ्लायव्हील आणि जाड वायर तिन्ही ठीक आहेत आणि दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे. अशा स्थितीत आनंदाच्या भरात प्लग बसवून यंत्र सुरू करू नये. स्विचची वायर काढलेली असताना बटणाने इंजिन बंद होत नाही, आणि धावती चेन हातात असताना बंद करण्याचे साधन नसणे ही गोष्ट मला कोणत्याही कारणासाठी मान्य नाही. काही जण ही वायर कायमची काढून चोक ओढून यंत्र बंद करतात. फांदी अंगावर येत असताना किंवा झाडावर एका हाताने दोरखंड धरलेला असताना चोक शोधता येत नाही.

मल्टिमीटरने हाच दोष अधिक स्पष्ट दिसतो. कॉइलपासून सोडवलेले टोक आणि इंजिनची बॉडी यांच्यात मीटर लावावा. बटण चालू बाजूला असताना मीटरने अनंत रोध, म्हणजे जोडणी नसल्याचे, दाखवले पाहिजे. बंद बाजूला आकडा शून्याच्या जवळ आला पाहिजे. चालू बाजूलाही काही आकडा दिसत असेल तर स्विचमध्ये ओल आणि क्षार साचले आहेत, किंवा वायरीचे कवच कोठेतरी फाटले आहे. मीटर लावलेला असताना वायर जागोजागी हलवून पाहावी. ती मागच्या मुठीजवळून, एअर फिल्टरच्या डब्याखालून आणि झाकणाच्या कडेने जाते, आणि मागच्या वेळी झाकण घाईने बसवले असेल तर कडेखाली चेमटलेली सापडते. कंपनाने फिरून फिरून घासलेला भागही बहुधा अशाच वळणावर असतो. स्वस्त यंत्रांतला साधा स्विच उघडून साफ करण्यात वेळ घालवू नये, तो नवीन घालावा, कारण त्याची किंमत कॉइलपुढे नगण्य आहे.

वायर काढूनही ठिणगी आली नाही तर नजर फ्लायव्हील आणि कॉइल यांच्यामधल्या फटीकडे वळवावी. ही फट बहुतेक यंत्रांत ०.२ ते ०.४ मिलिमीटर असते आणि पुस्तिका हाताशी नसेल तर ०.३ धरून चालावे. पावसाळ्यात मॅग्नेटच्या तोंडावर आणि कॉइलच्या पत्र्यांवर तांबूस गंज चढतो आणि चुंबकीय प्रवाह कमजोर पडतो. बारीक पॉलिश पेपरने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत करावेत, चुंबकाला चिकटलेला लोखंडी भुसा ओल्या फडक्याने टिपून घ्यावा आणि सर्व कोरडे करावे. कॉइलचे दोन स्क्रू काढून त्यांच्या खालची जागाही साफ करावी, कारण कॉइलची अर्थिंगची, म्हणजे बॉडीशी होणारी, जोडणी त्या स्क्रूंमधूनच होते. तिथे गंज किंवा पांढरी बुरशी चढली असेल तर चांगली कॉइलही काम करत नाही. कुंभारीण माशी फ्लायव्हीलच्या पंखांमध्ये किंवा कॉइलच्या मागे मातीचे घर बांधते, तेही याच वेळी काढून टाकावे.

फट बसवण्याची पद्धत अशी. कॉइलचे स्क्रू सैल ठेवून फ्लायव्हील असे फिरवावे की मॅग्नेट कॉइलच्या पायांसमोर येतील. मधे योग्य जाडीचे फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, सरकवावे. लोखंडी गेज चुंबकाला चिकटून गोंधळ होतो, म्हणून पितळी किंवा प्लास्टिकचे बरे. तेही नसेल तर साधे व्हिजिटिंग कार्ड चालते, त्याची जाडी साधारण याच मापाची असते. मॅग्नेट कॉइलला स्वतःकडे ओढून घेतात, तशा स्थितीत दोन्ही स्क्रू आवळून कार्ड काढावे आणि फ्लायव्हील हाताने पूर्ण फिरवून कोठे घासत नाही ना ते पाहावे. एका बाजूला फट योग्य आणि दुसऱ्या बाजूला घासत असेल तर ती कॉइलची चूक नाही. फ्लायव्हील वाकडे झाले आहे किंवा क्रँकचे, म्हणजे फ्लायव्हील ज्यावर बसते त्या दांड्याचे, बेअरिंग झिजले आहे. कॉइलच्या पायांवर ताजे, चमकदार ओरखडे दिसले तर नवी कॉइल लावण्याआधी क्रँकचे टोक धरून वर-खाली हलवून पाहावे. बेअरिंगमध्ये खेळ असताना लावलेली कॉइल काही दिवसांतच तशीच घासून जाईल.

मॅग्नेटची ताकद पाहण्यासाठी वेगळे उपकरण लागत नाही. स्क्रू ड्रायव्हरचे टोक मॅग्नेटपासून दीड-दोन सेंटिमीटरवर सैल धरले असता ते ओढले गेले पाहिजे. मॅग्नेट सहसा निकामी होत नाहीत, मात्र फ्लायव्हील हातोडीने ठोकून काढणारे कारागीर त्यांना तडा देतात किंवा त्यांची पकड सैल करतात. फ्लायव्हील काढायचेच असेल तर पुलर, म्हणजे ते ओढून काढायचे अवजार, वापरावा, आणि इंजिन अडवण्यासाठी पिस्टन वर येण्याआधी प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडावी. स्क्रू ड्रायव्हर किंवा खिळा घालून पिस्टन अडवू नये. फ्लायव्हील क्रँकवर नेमक्या जागी धरणारी चावी अनेक यंत्रांत फ्लायव्हीलच्याच ओतकामाचा लहानसा भाग असते. ती तुटली तर ठिणगी येते, पण भलत्या वेळी येते, आणि दोरी ओढताना हाताला उलटा झटका बसतो. तुमच्या यंत्रात ठिणगीच नसल्याने हा दोष आत्ता संभवत नाही, पण नट उघडलाच तर तेवढे पाहून घ्यावे.

इतके सर्व झाल्यावर, म्हणजे खात्रीचा प्लग, चांगली टोपी, स्विचची वायर काढलेली, स्वच्छ पृष्ठभाग, योग्य फट आणि जोरकस ओढ असूनही ठिणगी नसेल, तर कॉइल गेली असे म्हणावे आणि निःशंक मनाने बदलावी. मीटरवर कॉइल मोजून निर्णय देण्याची पद्धत प्रवाह धातूच्या टोकांनी तोडणाऱ्या, जुन्या प्लॅटिनम पॉइंटच्या यंत्रांना ठीक होती. आताच्या कॉइलमध्ये इलेक्ट्रॉनिक भाग असल्याने मीटर फक्त एकाच बाजूची साक्ष देतो. जाड वायरीचे टोक आणि लोखंडी पाय यांच्यात काही किलोओहम अपेक्षित असताना मीटर अनंत रोध दाखवत असेल, आणि टोपीची स्प्रिंग नीट लागलेली असेल, तर सेकंडरी तुटलेली आहे. पण आकडा योग्य आला म्हणून कॉइल जिवंत आहे असे ठरत नाही.

नवी कॉइल घेताना जुनी सोबत न्यावी. ५८ सीसी एवढ्या वर्णनावर मिळणाऱ्या कॉइलमध्ये पायांचे अंतर, स्क्रूची जागा आणि वायरीची लांबी वेगवेगळी असते. जुनी काढण्याआधी मोबाइलवर छायाचित्र घ्यावे, कारण कॉइल उलटी बसवता येते आणि उलटी बसलेली कॉइल काम करत नाही. खाली इन्सुलेटरची चकती किंवा स्पेसर असेल तर तो विसरू नये, इंजिनच्या उष्णतेपासून तोच तिचे रक्षण करतो. स्टिल (Stihl) कंपनीच्या एम-ट्रॉनिक किंवा हस्कवार्ना कंपनीच्या ऑटोट्यून पद्धतीच्या यंत्रांना मात्र वरील तपासणी प्लग आणि टोपीपर्यंतच करावी. त्यांत ठिणगी आणि इंधन एकाच नियंत्रकाच्या ताब्यात असते आणि पुढचे निदान कंपनीच्या उपकरणाशिवाय होत नाही.

कॉइलचा एक दोष असा आहे की तो थंड यंत्रात दिसतच नाही. यंत्र सकाळी उत्तम चालते, पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडते, अर्धा तास थांबल्यावर पुन्हा सुरू होते. तापल्यावर आतली जोडणी सुटते आणि थंड झाल्यावर जुळते. हेच लक्षण पेट्रोलच्या टाकीचे हवेचे छिद्र बुजल्यावरही दिसते, म्हणून यंत्र बंद पडताच ते जमिनीवर ठेवून आधी टाकीचे झाकण सैल करून पाहावे. हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि यंत्र लगेच सुरू झाले तर दोष छिद्राचा. तसे झाले नाही तर झाकण घट्ट लावून, यंत्र थोडे दूर नेऊन, गरम असतानाच टेस्टरवर ठिणगी पाहावी. सिलिंडर आणि सायलेन्सर त्या वेळी भाजण्याइतके तापलेले असतात, हातमोजे असू द्यावेत.

पुढच्या पावसाळ्याबद्दलही लिहितो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगर परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा रस्ते आणि घरांवरची झाडे हटवण्यासाठी गावोगावी चेनसॉच हवे होते. चेनसॉची खरी निकड अशी जून महिन्यात येते, नेमका तो आपण गुंडाळून ठेवतो तेव्हा. म्हणून तो बंद करून न ठेवता महिन्यातून एकदा पाच-दहा मिनिटे चालवावा, तापलेल्या इंजिनामुळे आतली ओल जाते. मधल्या काळासाठी टाकी रिकामी करावी, उरलेले पेट्रोल इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून संपवावे, कारण इथेनॉलमिश्रित पेट्रोल दमट हवेतले पाणी शोषून घेते. यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नये, आत घाम धरतो. जमिनीवर किंवा खताच्या गोणीशेजारी न ठेवता चुलीपासून दूर, हवा खेळती राहील अशा उंच फळीवर ठेवावे. स्टार्टरचे झाकण मे महिन्यात एकदा उघडून मॅग्नेट आणि कॉइलच्या पायांवरून मशीन ऑइलचे बोट फिरवावे, अगदी पुसट, आणि स्विचच्या मागे व टोपीच्या आत डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज वाहू न देणाऱ्या, ग्रीसचा पातळ थर द्यावा. टोपी प्लगवर बसवूनच ठेवावी, मोकळी लोंबती ठेवल्यास तिच्यात मुंग्या आणि माती शिरते.